दगडाबाईचा उमेदवारी अर्ज

राणीसावरगावहून डोंगराच्या अंगाला सात-आठ किलोमीटर आत गेलं की बोरदरा लागतं. एसटी तिथवर जात नाही. पूर्वी एकदा गेली होती. ड्रायव्हरनं गाडी वळवायला जागा शोधली, ती सापडेस्तोवर दिवस मावळला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो माणसं फाट्यावरच उतरवायला लागला. तेव्हापासून सरकारातून जे जे बोरदऱ्याला निघतं, ते सगळं फाट्यावरच उतरतं.

दिवाळी झाली की मात्र ट्रक थेट गावात येतात. त्यांना जागा सापडते. बैलं, गाड्यांची चाकं, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, कोंबड्या, लेकरं असं सगळं एकावर एक चढतं आणि गाव ऊस तोडायला सांगलीकडं निघून जातं. परत येतं ते पाडव्याला. मधल्या पाच महिन्यांत गावात राहतात ती ज्यांचे गुडघे गेलेत, डोळे गेलेत किंवा जायच्या रांगेत आहेत अशी थोडी माणसं, शेळ्या आणि कुलपं. कुलपं जास्त.

दगडाबाई केंद्रे ह्या उरलेल्यांतली. खरं तर तिचे गुडघे शाबूत होते. डोळे असे, की वरच्या आळीत कुणाची कोंबडी कुणाच्या घरात शिरली ते खालच्या आळीतून सांगावं. पण ट्रकात ऊस भरताना ती फळीवरून पडली, उजवं मनगट मोडलं, हाड बसवणाऱ्यानं ते अंमळ तिरकं बसवलं, आणि तीस वर्षं कोयता धरलेला हात कोयत्याला नकोसा झाला. नवरा आधीच गेलेला. मग मुलगा व्यंकटी, सून आणि नात ज्ञानेश्वरी ट्रकात चढायची आणि दगडाबाई खाली उभी राहून "पेटीला दोरी नीट बांध रे" म्हणायची. ट्रक वळणाआड गेला तरी तिचं दोरीबद्दल चालूच असायचं.

जाताना लोक घराच्या किल्ल्या तिच्याकडं देऊन जात. आमच्याकडं समजूत अशी, की बंद घराच्या उंबऱ्यावर पाणी पडलं नाही तर घर रुसतं, आणि रुसलेलं घर पाडव्याला आल्या माणसांना धड झोपू देत नाही. म्हणून दगडाबाई रोज सकाळी कळशी घेऊन निघायची आणि बत्तीस उंबऱ्यांवर ओंजळ ओंजळ पाणी शिंपडून यायची. नुसतं पाणी नाही, दाराशी दोन शब्दही. शेजारच्या शिवशंकरच्या दाराला म्हणायची, "तुपला मालक लय आळशी. पत्रा सरकलाय, बघितला बी न्हाई." दार ऐकून घ्यायचं. अशी बत्तीस दारांशी बोलून ती आपल्या घरी यायची, तेव्हा दिवसभराचं बोलणं सकाळी नऊलाच संपलेलं असायचं.

तिच्याकडं फोन होता. त्याला गावात एकच जागा मानवायची. अर्धवट बांधून सोडलेल्या पाण्याच्या टाकीचा जिना, सातवी पायरी. टाकीत पाणी कधी आलं नाही, पण सातव्या पायरीवर आवाज यायचा. व्यंकटी सवड मिळेल तेव्हा फोन करायचा, आणि त्याला सवड कधी द्यायची हे ऊस ठरवायचा. म्हणून दगडाबाई रोज दिवस कलला की सातव्या पायरीवर जाऊन बसायची. बहुतेक दिवशी फोन यायचा तो कंपनीच्या बाईचा. ती बाई रिचार्जचं काहीतरी सांगत सुटायची. दगडाबाई तिलाही मध्येच विचारायची, "जेवलीस का माय?" बाई उत्तर द्यायची नाही. शहरातल्या माणसांचं असंच, असं म्हणून दगडाबाई खाली उतरायची.

अशा पौषात बातमी आली, की वार्ड दोनची पोटनिवडणूक लागली.

ग्रामपंचायतीची एक जागा रिकामी झाली होती. बाईमाणसासाठी राखीव होती. आधीची सदस्य मागच्या हंगामात सहा महिने बैठकीला आली नाही म्हणून तिचं पद गेलं. ती बैठकीला येणार कशी, त्यातले पाच महिने ती ऊस तोडत होती. त्या सहा महिन्यांत बैठक झाली होती का, हे कुणी विचारलं नाही.

बातमी ऐकून गावातल्या म्हाताऱ्यांनी बिडी पेटवली आणि विषय सोडला. दगडाबाई मात्र हरखली. तिच्या लेखी निवडणूक म्हणजे गाडी. मागच्या विधानसभेच्या वेळी असाच हंगाम होता, आणि मतासाठी उमेदवारांनी थेट उसाच्या फडात गाड्या पाठवून माणसं आणली होती. कायद्याला हे चालत नाही म्हणतात; पण कायदाही बोरदऱ्याच्या फाट्यावरच उतरतो. तेव्हा व्यंकटी, सून आणि ज्ञानेश्वरी एक दिवस आणि एक रात्र घरी होती. ज्ञानेश्वरीनं रात्रभर आजीला लाथा मारल्या. त्या लाथा दगडाबाई पुढं दोन महिने सगळ्यांना सांगत होती.

"भावजी, गाड्या येणार!" तिनं लिंबाजीला सांगितलं. लिंबाजी तिचा चुलतदीर. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकायला घातलेला.

"येऊ दे," लिंबाजी म्हणाला. "मला काय दिसायल्यात?" त्याचेही दोन मुलगे फडात होते.

दोन दिवसांनी बन्सीधर मुकादम गावात आला आणि मारुतीच्या पारावर बैठक झाली. मुकादम म्हणजे गावाला ऊसतोडीला नेणारा माणूस. कोण कुठल्या टोळीत, ट्रक कधी भरायचा, कुणाला सुट्टी, सगळं त्याच्या हाती. पण माणूस वाईट नव्हे. हसतमुख, लग्नात पंगतीला वाढायला सगळ्यांच्या पुढं. त्याला आपल्या बायकोला, कमलबाईला, सदस्य करायचं होतं.

"मतदान घ्यायचं म्हंजी टोळ्या गावाकडं आणाव्या लागतात," बन्सीधर म्हणाला. "तीन दिस तोड बंद. कारखाना मला फाडून खाईल. त्यापरीस बिनविरोध करू. गावाची एकी दिसंल."

"एकी तर हायच," एक म्हातारा म्हणाला. "भांडायला हाय कोन हितं?"

चहा आला. सगळ्यांनी माना हलवल्या. चहा पिताना मान हलतेच.

"बन्सी," दगडाबाईनं विचारलं, "बिनविरोध झालं तर गाडी येणार न्हाई?"

"मतदानच न्हाई तर गाडी कशाला यील काकू?"

दगडाबाईनं कप खाली ठेवला. त्या संध्याकाळी ती टाकीवरही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बत्तीस उंबरे लवकर उरकून तिनं लिंबाजीला हाताला धरलं आणि राणीसावरगावला चालत नेलं. तिथं शिवप्रसाद नावाचा तरुण दुकानात संगणकावर सरकारी अर्ज भरून देतो. दहावीच्या पोरापासून पेन्शनवाल्यापर्यंत सगळ्यांचं सरकार शिवप्रसादच.

"मावशी, पेन्शन रखडली का?" त्यानं विचारलं.

"पेन्शन न्हाई. मला उभं राहायचंय."

"बसा की, खुर्ची हाय."

"आरं इलेक्शनला."

शिवप्रसादनं लिंबाजीकडं पाहिलं. "हे कोन?"

"सूचक," दगडाबाई म्हणाली. एवढं ती पारावर ऐकून आली होती.

अर्ज सुरू झाला. शिक्षण? नाही. "चालतंय," शिवप्रसाद म्हणाला. "आत्ताच्या पोरांला सातवी पास लागतंय. तुमच्या टायमाच्या माणसांला अडाणी राहायची मुभा हाय." मालमत्ता?

"तीन शेळ्या. एक गाभण हाय. तिला दीड धरायचं का?"

"एकच धरू. गुन्हे काही दाखल हायत का?"

"कशाचे?"

"मारामारी, चोरी..."

"केव्हाची बात करायलास?" दगडाबाईनं सावधपणे विचारलं.

शिवप्रसादनं स्वतःच 'नाही' लिहून टाकलं. अडचण आली ती शेवटच्या कागदाशी. उमेदवाराच्या घरी संडास आहे आणि उमेदवार तो वापरतो, असा ग्रामसेवकाचा दाखला पाहिजे. दगडाबाईच्या घरी सरकारी योजनेतला संडास होता. त्यात गोवऱ्या होत्या. चार वर्षांत त्यात गोवऱ्यांशिवाय कुणी गेलं नव्हतं, कारण पाणी आणायचं ते अर्धा कोस लांबून, आणि ते असं ओतून द्यायला माणसाला काळीज लागतं.

तिनं एका दुपारी चारशे गोवऱ्या बाहेर काढल्या. तिरक्या मनगटानं. पांढरी फरशी निघाली, ती पाहून तिला स्वतःलाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक पाहायला आला.

"वापरता का हो आजी?"

"वापरायलाच निघाले व्हते," हातातला डबा दाखवत दगडाबाई म्हणाली. "तू आडवा आलास."

दाखला मिळाला.

बन्सीधरच्या कानावर हे गेलं तेव्हा तो परत फडात पोचला होता. तो पोट धरून हसला. म्हातारीच्या संडासात काय आहे ते त्याला ठाऊक होतं, त्यामुळं छाननीतच अर्ज उडणार हे नक्की होतं. अर्ज उडाला नाही. मग तो हसायचा थांबला, गाडी काढली आणि रात्रभर प्रवास करून, मध्ये दोनदा पंक्चर काढून, अर्ज मागं घ्यायच्या दिवशी बोरदऱ्यात पोचला. वाजले होते पाच. मुदत तीनला संपली होती. चिन्हंही वाटून झाली होती. कमलबाईला कपबशी मिळाली होती आणि दगडाबाईला रोडरोलर. बोरदऱ्यात रोडरोलर पहिल्यांदा आला तो असा, कागदावर.

"काकू, हे काय करून बसलीस?" बन्सीधर दारातच म्हणाला.

"बस की. चहा टाकते."

"चहा ऱ्हाऊ दे! माझ्या बायकोच्या विरोधात उभी राहिलीस?"

"विरोधात कशाला? कमला गुणाची हाय. तुमी बिनविरोध करायलाव म्हनून उभी राहिले. कुनीतरी उभं राहिल्याबिगर गाडी कशी यील? आन गाडी आल्याबिगर व्यंकटी कसा यील?"

 बन्सीधर कपाळावर हात मारून खाली बसला. "आगं मला म्हनली असतीस तर व्यंकटीला एकट्याला धाडून दिलं असतं की मी! दोन दिस, चार दिस!"

"मग काढते अर्ज," दगडाबाई चटकन म्हणाली.

"आता कसा काढतीस? तीनला मुदत संपली. आता देवाला बी निघत न्हाई."

दगडाबाईनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. 

"मी मत कमलालाच देते," दगडाबाई म्हणाली. "व्यंकटी बी दील, सून बी दील. तीन मतं तुपली. तेवढी गाडी पाठीव."

"गाडी तर पाठवावीच लागंल," बन्सीधर उठत म्हणाला. येताना पारावर त्यानं बोटांवर मोजून पाहिलं होतं. गावात आत्ता जे हजर होते ते सगळे म्हातारे, आणि ज्यांच्या मुलांच्या उंबऱ्यावर दगडाबाई रोज पाणी घालते ते कुणाला मत देतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. फडातली माणसं आणली नाहीत तर म्हातारी निवडून येत होती.

ती येऊ नये म्हणून खुद्द दगडाबाईनंही जिवाचं रान केलं. सकाळी कळशी घेऊन निघाली की ज्या घरात माणूस असेल तिथं ती थांबायची. "कपबशीला मत द्या. रोडरोलरला देऊ नका."

"आमी तुलाच देणार," म्हातारे म्हणायचे.

"आरं मी आले निवडून तर व्यंकटीला मुकादमापाशी कसं राहता यील? तरास हुईल त्याला. कपबशी म्हंजी कपबशी."

हे बन्सीधरला कळलं तेव्हा त्याची झोप उडाली. "लय खोल डाव हाय म्हातारीचा," तो बायकोला म्हणाला.

टाकीच्या सातव्या पायरीवर एकदा व्यंकटीचा फोन लागला. "माय, तू येडी झालीस का? मी त्याच मानसाच्या टोळीत हाय. लोक हासायलेत मला."

"हासू दे. मी काय निवडून येत न्हाई. तू ये फकस्त. गाडी येयलीय."

"मुकादम म्हनतोय तर, आनतो म्हनून. बघू."

"ज्ञानूला दे."

ज्ञानेश्वरी फोनवर फक्त श्वास घेते. पाच वर्षांची आहे. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आजी, मी तिकडं येऊ?"

"ये की माय," दगडाबाई म्हणाली. "तुझ्यासाठीच तर उभी राहिलेय."

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला दोन टेम्पो आणि एक जीप गावात शिरली. दगडाबाई पहाटेपासून मारुतीपाशी उभी होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माणसं उतरायला लागली. रात्रभर उभ्यानं आलेली, केसांत पाचट अडकलेलं. ज्याच्या त्याच्या आया काठ्या टेकत पुढं झाल्या. लिंबाजीचे दोन्ही मुलगे उतरले. त्यांनी बापाला दोन्ही बाजूंनी धरलं तेव्हा तो दोघांच्या तोंडावरून हात फिरवत "हा थोरला, हा धाकला" असं मोठ्यानं सांगत होता, जणू सगळ्यांनाच मोतीबिंदू झालाय. दगडाबाई किल्ल्या वाटत होती. एक टेम्पो रिकामा झाला. दुसरा झाला. जीपमधून ड्रायव्हर उतरला आणि त्यानं दार लावून घेतलं.

"शिवशंकर," तिनं शेजाऱ्याला विचारलं, "आमचा व्यंकटी माघारच्या गाडीत हाय का?"

शिवशंकर कुलपाशी उगीच खटपट करत राहिला. "मावशी, माघं गाडी न्हाई. मुकादम म्हनला, सगळेच गेले तर बैलं कोन बघंल? व्यंकटी थांबलाय, बायको-पोरीसकट. सगळ्यांची बैलं त्याच्यावर सोडून आलो."

बैलांचं खरंच होतं, कुणीतरी थांबायलाच पाहिजे होतं. पण व्यंकटीच का, हे बन्सीधरनं यादीवर खूण करताना ठरवलं होतं. पोटचा मुलगा आईला सोडून दुसऱ्याला मत देईल, हे एक तर खोटं; आणि खरं असेल, तर असला मुलगा गाडीत घालायच्या लायकीचा नाही. दोन्ही बाजूंनी व्यंकटी बाद. विरोधी उमेदवाराची मतं आपल्या डिझेलनं कोण आणतं? दगडाबाईनं अर्ज भरताना सगळं पाहिलं होतं, संडाससुद्धा. उभी राहिली की आपलाच मुलगा विरोधी पक्षात जातो, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या दिवशी बोरदऱ्यात बत्तीस चुली पेटल्या. धूर एवढा झाला, की डोंगरावरून कुणी पाहिलं असतं तर गावात लग्न आहे म्हणालं असतं. मटणाचं पातेलं बन्सीधरच्या वाड्यामागं चढलं होतं. लेकरं पळत होती, सासवा सुनांवर ओरडत होत्या, सुना खुशीत ऐकून घेत होत्या. दगडाबाईनं आपली चूल पेटवली नाही.

शाळेतल्या मतदान केंद्राबाहेर, लांबच्या लिंबाखाली दोन्ही उमेदवार बसल्या होत्या. दुसरी सावली नव्हती. कमलबाईनं पदराखालून भाकरी काढली आणि अर्धी मोडून पुढं केली.

"खावा आत्याबाई. सकाळधरनं काही न्हाई तुमच्या पोटात."

"खाते की."

"मी म्हनलं व्हतं त्यांला, व्यंकटी भावजीला आना म्हनून." कमलबाई जमिनीकडं पाहत होती. "माझं कोन ऐकतंय? पाच महिने ते बी तिकडंच असत्यात. घरात मी आन टीव्ही."

"तू चांगलीस," दगडाबाई म्हणाली. "निवडून आलीस म्हंजी बैठकीला जात जा. माणसं तरी भेटत्याल."

मग आत जाऊन तिनं कपबशीचं बटण दाबलं. शब्द दिला होता.

साडेपाचला मतदान संपलं आणि लगेच टेम्पोचे हॉर्न वाजायला लागले. सकाळी तोड सुरू व्हायला पाहिजे होती. माणसं चढायला लागली, आया खाली उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं टेम्पोचा मागचा फाळका लावायला हात घातला, तर शिवशंकरच्या बायकोशेजारी, पिठाच्या गोणीवर, दगडाबाई बसलेली.

"मावशी, तुमी कुठं?"

"व्यंकटीकडं."

"आवं, तुमी उमेदवार हाव! उद्या तालुक्याला, गंगाखेडला मोजणी हाय."

"मोजू दे की. मशीन मोजतंय म्हनं. मी काय करू तिथं?"

ड्रायव्हरनं बन्सीधरकडं पाहिलं. बन्सीधर पुढं आला, फाळक्याला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, "काकूला कडंला बसवा. वारं लागंल." शेळ्या आणि किल्ल्या लिंबाजीकडं आधीच पोचल्या होत्या.

सोमवारी उजाडताना टेम्पो फडात पोचला. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे माणसानं वाकून आत शिरावं अशा झोपड्या, ओळीनं उभ्या. त्यांच्यापुढं चाळीसभर बैलं. व्यंकटी बैलांना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकत होता. त्यानं आईला पाहिलं, आणि हातातली पेंढी तशीच राहिली.

"माय? तू कशी?"

"गाडीनं," दगडाबाई म्हणाली.

तो जवळ आला. दाढी वाढलेली. कानाजवळचे केस पांढरे झाले होते; दिवाळीला तसे नव्हते.  त्यानं विचारलं, "निकाल कवा हाय?" आणि तिला कळलं, की मुलगा भ्यालाय. आई निवडून येईल म्हणून.

ज्ञानेश्वरी सुनेच्या मागून डोकावत होती. दगडाबाईनं हात पुढं केला, तशी ती आणखी मागं गेली. थोड्या वेळानं मात्र आपण होऊन आली, आजीच्या तिरक्या मनगटावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे वाकडं हाय." ओळख पटली.

एक चहा झाला तेवढ्यात मुकादमाच्या माणसानं शिट्टी मारली. सगळे कोयते घेऊन निघाले. व्यंकटी गेला, सून गेली, आणि ज्ञानेश्वरीही गेली, कारण ती रोज फडातच असते, मोळ्या मोजते, चुकीच्या. कोप्यांच्या रांगेत दगडाबाई एकटीच राहिली. समोर बैलं रवंथ करत होती. त्यांना ती ओळखत नव्हती, म्हणून काही बोलली नाही.

दुपारी शिवशंकर फोन नाचवत आला. "मावशी, अकरा मतांनी पडलीस!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मटण खाऊन बी लय जणांनी रोडरोलरच दाबलं."

मागून व्यंकटी आला होता. त्यानं ऐकलं आणि तो हसला. मोठ्यानं, पोटातून, कोयता खाली टाकून. कधीपासूनचं अडकलेलं सुटल्यासारखा. दगडाबाईनं त्याच्याकडं पाहून घेतलं. पाडव्यापर्यंत पुरायला पाहिजे होतं.

संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "राहा की चार दिस." म्हणताना त्याची नजर पिठाच्या डब्याकडं गेली. तिनं ती पाहिली.

"कशाची राहते? शेळी व्यायला झालीय. भावजीला दिसत न्हाई, पिल्लू कुठं टाकंल कुनास ठाऊक."

रात्री कोपीत चौघं झोपली. पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून लाथा लागल्याच नाहीत.

बुधवारी एक तासाची परवानगी काढून व्यंकटीनं तिला एसटीत बसवलं. खिडकीखाली तो उभा राहिला, ती खिडकीत बसून राहिली. "जातो मग," तो म्हणाला. "जा, तोड थांबली असंल," ती म्हणाली. गाडी सुटेस्तोवर तो गेला नाही.

दोन गाड्या बदलून ती राणीसावरगावला उतरली आणि बोरदऱ्याची वाट चालायला लागली. ऊन उतरलं होतं. वाटेत कुणी भेटलं नाही. गावाच्या तोंडाशी लिंबाजी आपल्या ओट्यावर बसला होता. पावलं ऐकून तो उठला, हात पुढं करून चाचपडत दोन पावलं आला.

"कोन? कोन आलं?"

"कुनी न्हाई, भावजी," दगडाबाई म्हणाली. "मीच हाय."